आयुक्तांस पत्र : आयोडीनच्या मापाविषयी

माननीय आयुक्त, पिंपरी-चिंचवड महानगरपालिका, यांस,

पत्रास कारण की, ज्या नगरीत पोलादी दट्ट्याचा व्यास मायक्रॉनपर्यंत मोजून पाहिल्यावाचून तो पुढच्या यंत्राकडे जात नाही, त्या नगरीत तो दट्ट्या घडविणाऱ्या कामगाराच्या गर्भवती पत्नीस पुरेसे आयोडीन मिळते की नाही, हे सांगणारा या नगरीचा स्वतंत्र आकडा माझ्या वाचनात कधी आलेला नाही. तो मिळविण्याची तजवीज आपण करावी, एवढीच विनंती आहे.

आयोडीनच्या उणिवेने होणारा गलगंड हा हिमालयाच्या पायथ्याचा विकार, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. १९६२ साली सुरू झालेला राष्ट्रीय कार्यक्रमही गलगंडाच्याच नावाने चालला. १९९२ साली ते नाव बदलून आयोडीनच्या कमतरतेचे विकार असे व्यापक करण्यात आले, कारण मानेवरील गाठ ही केवळ दिसणारी खूण होती आणि खरी हानी होत होती ती गर्भातील मेंदूची. वडाळ्यास आणि शिरोड्यास १९३० साली ज्या मिठासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या, त्याच मिठात आता सरकार हुकमाने आयोडीन घालावयास लावते. २००६ पासून आयोडीनरहित मीठ खाण्यासाठी विकण्यास पुन्हा बंदी आहे, आणि ग्राहकाच्या हाती पडताना त्यात दशलक्ष भागांस निदान पंधरा भाग आयोडीन असावे असा दंडक आहे. हुकूम झाला, तर त्याच्या अंमलाचा दाखलाही असावयास नको काय?

मिठाची परीक्षा सोपी आहे. आशाताई चिमूटभर मिठावर चाचणीच्या द्रावणाचा थेंब टाकतात आणि आयोडीन असल्यास ते निळे पडते. परंतु त्या मिठाची पिशवी फोडणीच्या आचेशेजारी किती दिवस उघडी होती, किंवा भोसरीच्या खानावळीत आचाऱ्याने कोणत्या गोणीत हात घातला, हे त्या थेंबास कसे कळावे? कारखान्यांत पाणी मृदू करण्यासाठी येणारे मीठ आयोडीनविरहितच असते. त्यातील एखादी गोणी वाट चुकून स्वयंपाकघरात येत असेल का, ही माझी शंका आहे, आरोप नव्हे.

देहात गेलेल्या आयोडीनपैकी सुमारे नव्वद टक्के मूत्रावाटे बाहेर पडते, म्हणून खरा हिशेब तेथे मांडता येतो. प्रयोगशाळेत सेरियमच्या पिवळ्या द्रावणात प्रक्रिया केलेला नमुना मिसळला, की आयोडीन जितके अधिक तितका तो पिवळा रंग लवकर विरतो. सँडेल आणि कोल्थॉफ यांची ही युक्ती १९३७ सालापासून चालत आली आहे. मात्र एका माणसाच्या एका नमुन्यावरून त्या माणसाविषयी काहीच ठरविता येत नाही, कारण आकडा दररोज, किंबहुना प्रहराप्रहराला बदलतो. शेकडो नमुन्यांचा मध्यांक काढला, तरच त्याला अर्थ येतो. शाळकरी मुलांत तो लिटरला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी नसावा, गर्भवतींत १५० पेक्षा. चाकणच्या कारखान्यातील तपासनिसास हे समजावून सांगावे लागणार नाही. एका सुट्या भागावरून तोही अख्ख्या लॉटचा निकाल देत नाही. मला या मापाचे विशेष वाटते ते हेच, की हा आकडा कोणा एका रुग्णाचा असूच शकत नाही, तो वस्तीचा असतो. आणि म्हणून कोणताही खाजगी डॉक्टर तो काढून देणार नाही, तो नगराच्या दप्तरानेच काढावयाचा.

राज्याची सरासरी येथे पुरत नाही. मराठवाड्यातून, खानदेशातून, बिहारातून आलेली, एका खोलीत पाचजण राहून डब्यावर आणि कँटीनवर जेवणारी माणसे त्या सरासरीत विरघळून जातात. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली गर्भवतींची पोषणपाहणी हाती घेतली, आणि तीतून पुढे ब-१२ जीवनसत्त्वाची जी व्यापक उणीव उघडी पडली, ती स्त्रियांकडे नुसते पाहून कोणास ओळखता आली नसती; आयोडीनच्या उणिवेचेही तसेच.

खर्चाची सबब पुढे येईल, म्हणून एक सुचवितो. आपल्या प्रसूतिगृहांत आणि यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात गर्भवतींचे मूत्र साखर व प्रथिने पाहण्यासाठी घेतलेच जाते. तपासणीनंतर ते ओतून न देता, संमतीने, नाव वगळून, त्यातील थोडासा अंश राखून ठेवावा. महापालिकेच्या शाळांतून मुलांचे नमुने घ्यावेत. आणि चाकण आपल्या हद्दीबाहेर असल्याने तेथपुरते तेथील स्थानिक प्रशासनास पत्र पाठवावे. मध्यांक जो येईल तो प्रभागवार जाहीर करावा, मुलांत तो ३०० च्या वर गेला तरीही, कारण आयोडीनचा अतिरेकही थायरॉइड ग्रंथीस मानवत नाही.



आपला,
चिंचवडगावचा एक रहिवासी