गुण रचनेचा

शिंपल्याच्या आतला चकाकणारा थर सुमारे ९५ टक्के चुनखडीच्याच द्रव्याचा, म्हणजे ठिसूळ. तरी सूक्ष्म विटांसारख्या मांडणीमुळे त्यात शिरलेला तडा वळणे घेत वाटेतच अडतो. आजचे अभियंते हीच मांडणी काचेत आणि सिरॅमिकमध्ये उतरवू पाहत आहेत. मजबुती द्रव्याइतकीच रचनेत असते, याचा आपल्याकडचा सुंदर दाखला म्हणजे सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव. चहूकडून रेटणारी माती गोल भिंतीचे दगड एकमेकांवर आवळते, आणि दाब सोसण्यात दगड पक्का. कारागिरांनी शिंपला पाहून ती बांधली याला पुरावा नाही, हा आक्षेप रास्तच. पण ठिसूळ द्रव्यातून टिकाऊ वस्तू घडवण्याचा प्रश्न शिंपला आणि कारागीर या दोघांपुढेही तोच होता. गावकऱ्यांनी श्रमदानाने ही बारव गाळातून मोकळी केली. मराठवाड्यातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आता तिची बारकाईने मोजमापे घ्यावीत.