टोपलीला वळसा घालू नका

पहिला पाऊस पडला की कर्जत, नेरळ, खोपोलीच्या बाजारांत ठाकर-कातकरी बाया रानभाजीच्या टोपल्या मांडून बसतात. आधी शेवळं, मग टाकळा, कुर्डू, भारंगी आणि पुढे कंटोळी. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून शेजारीच हिरव्या काकडांचा वाटा ठेवलेला असतो. काकडं किती घालायची, हे विकणारी मावशी तोंडपाठ सांगते. विचारा तरी! आपण मात्र त्या टोपलीला वळसा घालून वडापाव नाहीतर वेफर्सचं पाकीट घेतो आणि गाडी पकडतो. वडापाव कधीमधी खावा, त्याचं रोजचं जेवण होणं काळजीचं आहे.

कर्जत-खालापूर हा भाताचा मुलूख. कर्जतच्या संशोधन केंद्राने भाताचे वाण राज्याला दिले. भात सोडा, असं कोण म्हणेल? पण एका वेळी नाचणीची भाकरी जमण्यासारखी आहे. इथल्याच वरकस जमिनीवर पिकणाऱ्या 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 340 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात जेमतेम 10. मीठही आवरायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमची, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. पापड, लोणचं, फरसाण त्यातच धरायचं.

या पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी रानभाजी घरी न्या. आणि जुडीमागे पाच रुपयांची घासाघीस करू नका; ती बाई पहाटे डोंगर उतरून आलेली असते.