पबातल्या त्या आजी

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की रहिमतपूर-साताऱ्याहून आमच्याकडे इंग्लंडला कोणी ना कोणी येतंच. यादी ठरलेली असते. लंडनचा टॉवर, मेणाचे पुतळे, स्टोनहेंज, आणि स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचं घर. (वसंत कानेटकर जन्मले ते रहिमतपूरला, त्यामुळे नाटककाराचं घर म्हटलं की आमची मंडळी जरा जास्तच भक्तिभावाने बघतात!) घर बघून झालं, नदीकाठी फोटो काढून झाले, की मी म्हणतो, चला, आता इथल्या एखाद्या पबात टेकू. लगेच मामा मिश्कील हसतात, काकूंचा चेहरा पडतो, आणि कोणीतरी हळूच विचारतं, "बायकांना घेऊन?"

माझं मत स्पष्ट आहे. इंग्लंडच्या छोट्या गावात जाऊन जो तासभर पबात बसला नाही, त्याने त्या गावाच्या भिंती पाहिल्या, गाव पाहिलं नाही. दारू प्यायलाच पाहिजे असं अजिबात नाही. लेमोनेड मागवा, कॉफी मागवा, कोणी वळूनसुद्धा बघत नाही.

आपल्या लोकांची चूक नाही म्हणा. पब म्हटलं की डोळ्यासमोर पुण्या-मुंबईचा डीजेचा दणदणाट येतो, नाहीतर गावाकडची परमिट रूम. हा शब्द तरी बघा! १९४९ च्या दारूबंदी कायद्यात पिणाऱ्याने परवाना बाळगायचा, म्हणून परवाना असणाऱ्यांची ती खोली. काळ्या काचा, आत मिणमिणता दिवा, दाराला पडदा. आणि वर 'एकच प्याला'. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या त्या नाटकाने आपल्या घराघरांत सुधाकर आणि सिंधू असे काही बसवले आहेत की ग्लास दिसला की पुढचे चार अंक आपोआप दिसतात.

इंग्रजी पब नेमका उलटा. 'पब्लिक हाउस' म्हणजे सगळ्यांचं घर. बाहेर चित्राची पाटी. रॉयल ओक नावाचा पब तर गावोगाव सापडतो. १६५१ साली वूस्टरची लढाई हरल्यावर दुसरा चार्ल्स एका ओकच्या झाडात लपून बसला होता, ते हे झाड. स्ट्रॅटफर्डला नाट्यगृहापासून दोन पावलांवर नटमंडळींचा आवडता पब आहे. त्याच्या पाटीवर एका बाजूला ब्लॅक स्वान आणि दुसऱ्या बाजूला डर्टी डक, म्हणजे इकडून काळा हंस, तिकडून मळकं बदक. आत गेलं की टेबलावर येऊन कोणी ऑर्डर घेत नाही, आपणच काउंटरवर जायचं. रांग नसते, पण आधी कोण आलं हे सगळ्यांना पक्कं माहीत असतं. पायाशी कुत्री झोपलेली असतात. शाकाहारी मंडळींनी प्लाऊमन्स लंच मागवावं, म्हणजे पाव, चीज आणि लोणचं. शेतकऱ्याची न्याहारीच म्हणा ना. फक्त ही 'परंपरा' चीज खपावं म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यावर जाहिरातबाजांनी गाजवली, हे काकूंना सांगू नका.

१९४६ मध्ये जॉर्ज ऑर्वेलने एका वर्तमानपत्रात आपल्या आवडत्या पबाचं वर्णन लिहिलं होतं आणि शेवटी सांगितलं होतं की असा पब अस्तित्वातच नाही. त्याच्या त्या मनातल्या पबाला मागे बाग होती आणि तिथे आईबापांबरोबर पोरंबाळंही येत. कारण त्याचं म्हणणं, बायकोला घरी मुलांपाशी ठेवून नवऱ्याने एकट्याने येण्यापेक्षा हे बरं.

आता काकूंचं सांगतो. नको नको म्हणत त्या एकदा आल्या. बिअरकडे त्यांचं लक्षच नव्हतं. खिडकीपाशी सत्तरीच्या एक आजी एकट्या बसल्या होत्या. समोर अर्धा ग्लास, हातात शब्दकोडं. तासभर काकू त्यांच्याकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "ह्या कोणाची वाट बघतायत?" मी म्हटलं, कोणाचीच नाही, नुसत्या बसल्यात. "नुसत्या? आणि कोणी काही विचारत नाही?"

मला वाटतं सगळा मुद्दा इथे आहे. आमच्या गावात पुरुषाला नुसतं बसायला किती जागा! देवळाचा पार, एसटी स्टँड, चहाचं हॉटेल, कट्टा. बाईला मात्र निमित्त लागतं. देवदर्शन, हळदीकुंकू, भाजी, दवाखाना. हॉटेलात गेलीच तर 'फॅमिली रूम'मध्ये, तीही कुटुंबाबरोबर. चहा आणि पेपर घेऊन तासभर एकटी बसलेली साठीची बाई मी तरी गावात पाहिलेली नाही. दिसली तर संध्याकाळपर्यंत तिच्या घरी निरोप जाईल.

इंग्लंडात तरी हे आपोआप झालं असं समजू नका. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या एल विनो नावाच्या मद्यगृहात बायकांना काउंटरपाशी उभं राहून पेय मिळत नसे, मागच्या खोलीत जाऊन बसा म्हणत. दोघीजणी कोर्टात गेल्या आणि १९८२ मध्ये जिंकल्या. म्हणजे त्यांची 'फॅमिली रूम' मोडायलाही कोर्टच लागलं.

कोणी म्हणेल, दारूच्या अड्ड्याचं हे काय कौतुक? मान्य. आपल्याकडच्या बायका मतदान करून बाटली आडवी करतात, ती काय उगाच नाही. घरात मार खाल्ला आहे त्यांनी. मी तिथे असतो तर त्यांच्याच बाजूने उभा राहिलो असतो. रहिमतपुरात पब काढा असं मी म्हणत नाहीये. चहाच असू दे, पण दर्शनी टेबलावर, पडदा न लावता.

आणि ही मजा किती दिवस राहील कोण जाणे. २००० साली ब्रिटनमध्ये साठेक हजार पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास आहेत. भाडं, कर, दुकानातली स्वस्त बिअर, घरचा टीव्ही. गावकरी मात्र भांडतात. २०११ च्या कायद्याने त्यांना इंग्लंडात पब गावाच्या उपयोगाची वास्तू म्हणून नोंदवता येतो. मालक विकायला निघाला आणि गावाने हात वर केला, की पैसे जमवायला सहा महिने मिळतात. काही गावांनी खरोखरच वर्गणी काढून पब विकत घेतले आहेत. गणपतीच्या वर्गणीत मुरलेल्या आपल्या लोकांना हे सांगितलं की फार आवडतं.

असो. यंदा जे येणार आहेत त्यांनी ऐका. पबात जेवणाची वेळ संपली की संपली, दुपारी तीनला गेलात तर बहुधा शेंगदाण्यांवर भागवावं लागेल. आणि काकू पुन्हा येतायत. या वेळी शब्दकोडं मराठी पेपरातलं, कात्रणं काढून बरोबर आणणार आहेत.