गवत ज्याचे, राखण त्याची

मार्च २०२२ हा देशातील १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वाधिक उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरियाणात ऐन दाणे भरण्याच्या अवस्थेत गव्हाला त्या उष्णतेचा फटका बसला, याची कृषी क्षेत्रात बरीच चर्चा झाली. शेतातील पीक सुकविणारी हीच हवा डोंगरावरचे गवत आणि पालापाचोळाही सुकवीत असते. त्यामुळे वणव्याचा हंगाम लवकर सुरू होतो आणि लांबतो. तरीही वणवा हा केवळ वनखात्याचा विषय समजला जातो. कृषी विस्ताराच्या कार्यक्रमात त्याला अद्याप स्थान नाही. ते मिळावे, असे आग्रहाने मांडण्याचे कारण चंदीगडजवळच्या एका जुन्या प्रयोगात सापडते.

चंदीगड शहरासाठी १९५८ मध्ये सुखना तलाव बांधण्यात आला. शिवालिकच्या उघड्या, ठिसूळ टेकड्यांवरून येणाऱ्या गाळाने तो वेगाने भरू लागला. केंद्रीय मृदा व जलसंधारण संशोधन संस्थेच्या चंदीगड केंद्राने, पी. आर. मिश्रा यांच्या पुढाकाराने, या गाळाचा उगम शोधला. त्या शोधातून पाणलोटातील सुखोमाजरी गावाकडे लक्ष गेले. १९७६ मध्ये तेथे पहिला मातीचा बंधारा झाला. बंधाऱ्यातील पाण्याने शेतीला आधार मिळाला. त्या पाण्यात भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला वाटा देण्यात आला आणि त्या बदल्यात गावाने टेकड्यांवरील मोकाट चराई थांबविली. तारेच्या कुंपणाविना डोंगर राखला गेला. यालाच पुढे ‘सामाजिक कुंपण’ हे नाव मिळाले.

वणव्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग यानंतरचा आहे. चराई थांबताच भाब्बर गवत दाट वाढले. हे गवत दोरखंडासाठी आणि कागद गिरण्यांसाठी उपयोगी पडते. पूर्वी त्याचा मक्ता बाहेरच्या ठेकेदाराकडे जात असे. पुढे हरियाणाच्या वनखात्याने तो गावाच्या संस्थेकडे दिला आणि डोंगराच्या राखणीची जबाबदारीही गावाकडे आली. म्हणजे गवत जळाले, तर नुकसान ठेकेदाराचे नव्हे, गावाचे होणार होते. अशा वेळी धूर दिसताच धावून जाण्यास कोणाच्या आदेशाची गरज उरत नाही. नंतरच्या वर्षांत बंधाऱ्यांत गाळ साचला, गवताच्या उत्पन्नातील सरकारी वाट्यावरून वाद झाले आणि गावाचा उत्साहही ओसरला. या उताराचा अर्थही तोच आहे. राखण लाभाशी जोडलेली असते. लाभ आटला की राखणही सैल पडते.

महाराष्ट्राला हा धडा अधिक निकडीचा आहे. गेल्या काही दशकांत पाणलोट विकासाच्या निमित्ताने अनेक गावांनी कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारली. डोंगर हिरवे झाले, ही समाधानाची बाब आहे. परंतु चराई बंद झाली आणि कापणीही झाली नाही, तर पावसाळ्यात वाढलेले गवत फाल्गुन-चैत्रात निव्वळ इंधन होऊन उभे राहते. एका दुपारच्या वणव्यात दहा वर्षांची झाडोऱ्याची वाढ नष्ट होऊ शकते. उघड्या पडलेल्या उतारावर पहिल्या पावसाचा मारा बसतो आणि माती पुन्हा बंधाऱ्यात येते. हिवरे बाजारने चराईबंदीला विळ्याने गवत कापून नेण्याच्या व्यवस्थेची जोड दिली, हे त्यामुळेच शहाणपणाचे ठरते. कापलेले गवत चारा होते. न कापलेले गवत वणव्याला निमंत्रण देते.

‘जाळल्याने गवत चांगले फुटते’ हा समज अजून दृढ आहे. जळालेल्या जागी कोवळे कोंब लवकर दिसतात, हे खरे. मात्र गवतातील बहुतेक नत्र धुरावाटे निघून जाते आणि राख पहिल्या पावसात वाहून जाते. वारंवार जाळलेल्या कुरणांत मारवेल, पवना यांसारखी सकस गवते मागे पडून कुसळीसारखी आग सोसणारी गवते माजतात.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१९ च्या अहवालानुसार देशातील सुमारे ३६ टक्के वनाच्छादन वारंवार वणवे लागण्याच्या जोखमीखाली आहे. ही संस्था उपग्रहांद्वारे आगीची ठिकाणे टिपते आणि नोंदणी केलेल्यांना मोबाइलवर संदेश पाठविते. ही सेवा मोलाची आहे. परंतु उपग्रह आग दाखवितो, विझवीत नाही. आपल्याकडील बहुतेक सर्व वणवे मानवी कृतीतून लागतात. तापमानवाढ आपल्या हातात नसली, तरी ठिणगी आणि इंधन या दोन्ही गोष्टी गावाच्या आवाक्यात आहेत.

यासाठी विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील कामे हाती घ्यावीत. गवताची कापणी दिवाळीनंतर सुरू करून ती पौषाअखेर संपविण्याचे नियोजन ग्रामसभेत व्हावे. आंबा-काजूच्या बागा आणि डोंगर यांच्या सीमेवर गवत काढून जाळरेषा जानेवारीपूर्वी तयार असाव्यात. राब भाजणे, बांध पेटविणे, उसाचे पाचट जाळणे यांतून निसटलेली ठिणगी अनेकदा रानात शिरते. पाचट कुजविण्याची आणि आच्छादनाची प्रात्यक्षिके म्हणूनच वणवा प्रतिबंधाचाही भाग मानावीत. राब भाजणे अटळ असेल तेथे वारा पडलेला असताना, शेजाऱ्यांना कळवून आणि राख थंड होईपर्यंत जागेवर थांबून ते करावे. तालुक्यातील किमान काही शेतकऱ्यांची उपग्रह संदेशासाठी नोंदणी करावी. कृषी हवामान सल्ल्यातही उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्याची एक ओळ असावी.

संशोधन संस्थांकडूनही एक अपेक्षा आहे. प्रत्येक प्रमुख कुरण प्रकारात हेक्टरी किती वाळले गवत शिल्लक राहिले म्हणजे धोका वाढतो, याचे सोपे, स्थानिक मापन त्यांनी उपलब्ध करून द्यावे. कापणीची शिफारस अंदाजावर सोडू नये.

या सर्वांहून मोठा निर्णय धोरणाचा आहे. वनहक्क कायदा, २००६ अन्वये सामूहिक हक्क मिळालेल्या गावांना आणि संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांना गवताचा पूर्ण लाभ खात्रीने व दीर्घकाळ मिळाला पाहिजे. दरवर्षी नूतनीकरणाच्या अनिश्चिततेत अडकलेल्या गावाकडून रात्री-अपरात्री आग विझविण्याची अपेक्षा करणे न्याय्य नाही. वणव्यासाठीचा निधी ब्लोअर आणि हंगामी रखवालदार यांवर खर्च होतो. त्याची गरज आहेच. त्याबरोबर गवत कापणे, वाहून नेणे, गंजी रचणे आणि दुष्काळी भागांत पोहोचविणे यांसाठीही तरतूद व्हावी. एका तालुक्यात जळणारे गवत शेजारच्या तालुक्यातील दावणीला कमी पडत असते. ते तेथवर पोहोचविण्याचे नियोजन पावसाळा संपताच सुरू झाले पाहिजे.