अखत्याराविना हुद्दा

पुण्याच्या कोथरूड, बावधन आणि वारजे या पट्ट्यात गेल्या वीसएक वर्षांत ज्या शाळांनी आपल्या नावात ‘इंटरनॅशनल’ हा शब्द घेतला, त्यांच्या माहितीपत्रकात आता ‘लर्निंग सपोर्ट’ विभागाचे एक पान बहुधा असतेच. आणि ज्यांचे मूल ऐकते पण लिहीत नाही, बोलते पण वाचत नाही, किंवा सगळे समजत असूनही वर्गाच्या गलबल्यात कानांवर हात ठेवून बसते, अशा आईबापांना प्रवेशाच्या हंगामात त्या एका पानाचा केवढा आधार वाटतो, हे मी अनेक घरांतून पाहिलेले आहे. असे पान छापले जाऊ लागले ही सामान्य गोष्ट नव्हे. एका पिढीपूर्वी याच शहरात अशा मुलास आळशी, हूड किंवा मंद ठरवून मोकळे होण्याची वहिवाट होती. परंतु त्या पानामागील विभागाचा कारभार ज्या एका शिक्षिकेच्या हाती दिलेला असतो, तिला शाळेच्या व्यवस्थेत नेमके कोणते स्थान आहे, तिच्या शब्दावर काय हलते आणि काय हलत नाही, हे फारसे कोणी विचारीत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की त्या मुलाचे शाळेतील भवितव्य विभागातील साधनांवर जितके अवलंबून आहे, त्याहून कितीतरी अधिक या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

तिच्या कामाचे स्वरूप बाहेरून दिसते त्याहून निराळे आहे. रिसोर्स रूममध्ये दोन-तीन मुलांना घेऊन बसणे हा त्यातील अल्पांश होय. खरे काम वर्गाच्या मागच्या बाकावर बसून एखादे मूल कोणत्या क्षणी हातातली पेन्सिल खाली ठेवते हे न्याहाळण्याचे. फळ्यावरचा मजकूर उतरवून घेण्याची सक्ती या मुलापुरती सोडा आणि त्याऐवजी छापील टिपण द्या, हे भूगोलाच्या शिक्षकाला त्याचा मान न दुखवता पटवून देण्याचे. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांचे तीन स्वतंत्र अहवाल वाचून सोमवारी सकाळी वर्गात काय करावयाचे ते वर्गशिक्षिकेला एका पानात सांगण्याचे. आणि शाळांतून ‘आयईपी’ या नावाने ओळखला जाणारा, त्या एका मुलापुरता केलेला शिक्षणाचा आराखडा दर सत्राला नव्याने तपासण्याचे. यांतील एकही काम एकटीने पार पडणारे नाही. वेळापत्रक उपमुख्याध्यापकांच्या हाती, प्रवेश प्रवेश-कचेरीच्या हाती, परीक्षांचा बंदोबस्त परीक्षा-समन्वयकाच्या हाती आणि नेमणुका व्यवस्थापनाच्या हाती असल्यामुळे, मुलाविषयी जिला सर्वाधिक माहिती आहे तिलाच प्रत्येक बारीकसारीक गोष्टीसाठी एका टेबलापासून दुसऱ्या टेबलापर्यंत विनंत्या करीत हिंडावे लागते.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न आपल्या आधी उभा राहिला. मेरी वॉर्नॉक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७८ साली दिलेल्या अहवालात असे म्हटले होते की, शालेय आयुष्यात केव्हा ना केव्हा पाचांपैकी एका मुलाला विशेष साहाय्याची गरज पडू शकते. आणि त्या प्रतिपादनामुळे हा विषय मूठभर मुलांच्या निराळ्या शाळांपुरता न राहता प्रत्येक सामान्य शाळेच्या दाराशी येऊन ठेपला. १९९४ च्या संहितेने अशा साहाय्याचा समन्वय पाहणारी एक व्यक्ती शाळेत असावी असे ठरविले; तिला तिकडे ‘सेन्को’ म्हणतात, आणि आपल्याकडील इंटरनॅशनल शाळांतही हे नाव आता रुळले आहे. पुढे २०१४ साली जी नवी संहिता आली, तीत ही व्यक्ती शाळेच्या नेतृत्वमंडळात असेल तर तिचे काम सर्वाधिक परिणामकारक होते, असे स्पष्ट शब्दांत नमूद केले गेले. ज्या शाळा केंब्रिजचा अभ्यासक्रम इतक्या तत्परतेने कोथरूडात आणतात, त्यांनी तेथील वीस वर्षांच्या अनुभवाचे हे सार मात्र सीमेबाहेर ठेवावे, याचे मला दुःख वाटते.

आपल्याकडे कायद्याची उणीव आहे असेही नाही. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात सातच प्रकार गणलेले होते आणि त्यांत अध्ययन-अक्षमतेचा समावेश नव्हता. १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आलेल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रकारांची संख्या २१ झाली आणि स्वमग्नतेला तसेच विशिष्ट अध्ययन-अक्षमतेला त्यांत स्थान मिळाले. त्या कायद्याच्या कलम १६ अन्वये भेदभाव न करता प्रवेश देणे, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी फेरबदल करणे, वैयक्तिक साहाय्य पुरविणे आणि अध्ययन-अक्षमता शक्य तितक्या लवकर हेरणे ही कर्तव्ये शासनाने अनुदान अथवा मान्यता दिलेल्या सर्व शैक्षणिक संस्थांकडून पार पाडून घेण्याची जबाबदारी शासनावर व स्थानिक प्राधिकरणांवर आहे. आमची शाळा विनाअनुदानित, सबब ही तरतूद आम्हांस लागू नाही, असा युक्तिवाद काही संस्थाचालक करतात. तो टिकणारा नाही. शिक्षणहक्क कायद्याचे कलम १८ असे सांगते की मान्यतेच्या दाखल्यावाचून कोणतीही खासगी शाळा चालविता येत नाही. आणि जी शाळा मान्यतेवाचून उभीच राहू शकत नाही, ती मान्यताप्राप्त संस्थांना लागू असलेल्या कर्तव्यांतून सुटणार कशी? दिव्यांग कल्याण आयुक्तालयाची कचेरी पुण्यातच आहे. तरीही दाद मागण्याची पाळी कोणावर येऊ नये आणि शाळेच्या आतच बंदोबस्त व्हावा, हाच मार्ग मला इष्ट वाटतो. कारण आयुक्तांकडे गेलेल्या पालकाचे मूल दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात जाऊन बसावयाचे असते.

कायद्याचा हा आशय एका प्रथेने मात्र जवळजवळ निष्फळ करून टाकला आहे, आणि तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला अगत्याचे वाटते. प्रवेश देतो, पण ‘शॅडो टीचर’ तुम्ही आणा आणि तिचा पगार तुम्हीच द्या, ही ती प्रथा. वार्षिक शुल्क लाखांच्या घरात भरणाऱ्या आईबापांनी आणखी एका पूर्णवेळ व्यक्तीचा मेहनताना दरमहा सोसावा, तिचा शोधही स्वतःच घ्यावा, आणि ती सोडून गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी, असा हा शिरस्ता आहे. १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेने विशेष शिक्षकांची नोंदवही ठेवलेली आहे. मुलाच्या बाजूला बसणाऱ्या या मुलींची नावे बहुधा तीत नसतात. त्या मायेने वागतात, कष्टही उपसतात, परंतु त्यांना कोणी शिकविलेले नसते आणि त्यांच्या कामाची देखरेखही कोणाकडे नसते. याचा परिणाम मुलावर जो होतो तो पैशाच्या हिशेबाहून गंभीर आहे. वर्गशिक्षिका हळूहळू त्या मुलाकडे पाहणे सोडते, कारण त्याच्यासाठी कोणीतरी आहे असे तिच्या मनाने घेतलेले असते. शेजारची मुले त्याच्याशी न बोलता त्या ताईशी बोलतात. आणि ताई ज्या दिवशी रजेवर, त्या दिवशी मुलाला घरीच ठेवा असा निरोप येतो. शाळेत प्रवेश मिळूनही त्या मुलाचा शाळेशी संबंध एका परक्या, भाडोत्री दुव्याने जोडलेला राहतो. काही मुलांना काही काळ कोणी मोठे माणूस शेजारी असण्याची गरज असते, हे मला मान्य आहे. पण ती नेमणूक शाळेची असली पाहिजे, तिचे प्रशिक्षण विभागप्रमुखाकडे असले पाहिजे, आणि ती मदत कोणत्या महिन्यापासून कशी कमी करीत न्यावयाची, हे आराखड्यात पहिल्याच दिवशी लिहिलेले असले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीशकुमार पांडेय यांच्या याचिकेवर निर्णय देताना शाळांतील विशेष शिक्षकांचे विद्यार्थ्यांशी प्रमाण ठरवून देण्यास केंद्र सरकारला फर्मावले. त्या निर्णयामागील विचार हाच आहे की हे शिक्षक शाळेच्या सेवेत असावेत.

परीक्षांची गोष्ट अधिक तांत्रिक असली तरी तिच्यात अनेक मुलांचे वर्ष अडकलेले असते. केंब्रिजच्या परीक्षेत पंचवीस टक्के जादा वेळ किंवा लेखनिक मिळण्यासाठी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल पुरत नाही. ती सवलत ही त्या विद्यार्थ्याची वर्गातील नेहमीची कामाची रीत आहे, असेही दाखवावे लागते. म्हणजे सहावी-सातवीच्या साध्या घटक-चाचणीत ज्याला कधी जादा वेळ दिला गेला नाही, त्याच्यासाठी दहावीत एकाएकी अर्ज करणे अवघड होऊन बसते. शिवाय पुण्यातील पुष्कळ मुले केंब्रिजची आयजीसीएसई परीक्षा झाल्यावर राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात जातात, आणि तेथे खासगी अहवाल चालत नाही, शासनाने नेमलेल्या रुग्णालयाचा दाखला लागतो. (अशा सवलतींना महाराष्ट्राने १९९६ पासूनच मंजुरी दिलेली आहे, ही या राज्याला भूषणावह गोष्ट आहे.) जानेवारी २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत आठव्या वर्षानंतर दाखला देण्याची आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणीची तरतूद केलेली होती. हा सगळा मार्ग आठवीतच पालकांपुढे मांडणे हे विभागप्रमुखाचे काम होय. पण चाचण्यांच्या व्यवस्थेत बदल करण्याचा अधिकारच तिला नसेल, तर तिने मांडलेला मार्ग कागदावरच राहतो.

आता भाषेविषयी. कोथरूडच्या घरांत आजीशी मराठी, आईबापांशी अर्धी मराठी आणि शाळेत संपूर्ण इंग्रजी, असा जो व्यवहार चालतो, त्यात एखादे मूल उशिरा बोलू लागले किंवा वाचनात अडखळले की पहिला सल्ला मिळतो तो घरातील मराठी बंद करण्याचा. हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. परंतु दोन भाषा कानांवर पडल्याने मुलाच्या वाढीत दोष उत्पन्न होतो, या समजुतीला अभ्यासकांचा पाठिंबा नाही, आणि त्या सल्ल्यामुळे ज्या एका माणसाशी ते मूल मोकळेपणाने बोलत होते, त्या आजीलाच गप्प बसविले जाते. शिवाय निदानाचाही प्रश्न आहे. इंग्रजीत अडखळणारे मूल इंग्रजी अजून मुरलेली नाही म्हणून अडखळते, की त्याला वाचनाचीच अडचण आहे, हे त्याची मराठी पाहिल्यावाचून सांगता येत नाही. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचा संबंध बहुतांशी ठरलेला असतो, मात्र बाराखडी आणि जोडाक्षरे मिळून चिन्हांचा पसारा मोठा असतो; इंग्रजीत चिन्हे सव्वीस, पण त्यांच्या उच्चारांना नियम थोडे आणि अपवाद फार. त्यामुळे एकाच अडचणीची लक्षणे दोन लिप्यांत निरनिराळी दिसतात. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांतील वाचनदोष पारखण्यासाठी ‘डाली’ नावाची जी चाचणी तयार केली, तीत हिंदी आणि कन्नडबरोबर मराठीचाही समावेश आहे. साधन उपलब्ध आहे. परंतु इंटरनॅशनल शाळेतील मुलाला मराठी वाचन पुरेसे शिकविलेलेच नसते, कारण २०२० च्या कायद्याने सक्तीची झालेली मराठी कित्येक ठिकाणी आठवड्यातील मोजक्या तासांत उरकली जाते. अशा मुलाची पारख त्याने सांगितलेल्या गोष्टीवरून, यमके ओळखण्यावरून, शब्दातील ध्वनी सुटे करण्यावरून करावी लागते, आणि त्यासाठी मराठीच्या शिक्षिकेला त्या मसलतीत मानाने बसवून घ्यावे लागते. इंग्रजी अहवालांच्या या बैठकांत मराठीच्या बाईंना सहसा कोणी बोलावीत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

महर्षी कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर नेला, तेव्हापासून ज्यांना समाजाने बाजूला ठेवले त्यांच्यासाठी स्वतंत्र संस्था उभारण्याची परंपरा या परिसरात रुजली आहे. डॉ. एस. आर. माचवे यांनी १९३४ साली सुरू केलेल्या पुण्याच्या अंधशाळेची मुलींची शाखा कोथरूडातच आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी ‘कामायनी’ आहे. या संस्थांनी दशकानुदशके जे ज्ञान जमविले, स्पर्शाने नकाशा कसा शिकवावा, सूचना किती लहान तुकड्यांत द्यावी, धीर कोठवर धरावा, ते ज्ञान काही मिनिटांच्या अंतरावरील इंटरनॅशनल शाळांच्या शिक्षक-प्रशिक्षणात क्वचितच येते. तेथे परदेशी तज्ज्ञाचे व्याख्यान पडद्यावर ऐकविले जाते. विशेष शाळा आणि सामान्य शाळा यांतील हा दुरावा नाहीसा करण्याची शक्ती माझ्या मते शासनापेक्षा या विभागप्रमुखांत अधिक आहे, पण चार शिक्षकांना अर्धा दिवस अंधशाळेत पाठविण्यासाठी तिला आज तीन ठिकाणच्या सह्या गोळा कराव्या लागतात.

व्यवस्थापनांनी करावयाची गोष्ट बहुतांशी खर्चाची नाही. एक लेखी हुकूम काढून सपोर्ट विभागाच्या प्रमुखास उपमुख्याध्यापकांच्या बरोबरीचा दर्जा द्यावा. प्रवेश नाकारण्याचा कोणताही निर्णय तिच्या लेखी अभिप्रायावाचून होऊ नये. वेळापत्रकात प्रत्येक वर्गशिक्षिकेसाठी तिच्याशी विचारविनिमयाचा एक तास आधी राखून मगच बाकीचे तास भरावेत. अंतर्गत चाचण्यांतील सवलती तिच्या सहीने लागू व्हाव्यात. आणि शॅडो टीचरांची नेमणूक व पगार शाळेच्या जमाखर्चात यावा. पुढील वर्षाच्या वेळापत्रकाची आखणी बहुतेक शाळांत उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीच सुरू होते. हा हुकूम त्याच्या आधी निघाला, तर येत्या जूनमध्ये वर्गात बसणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग होईल.