हुर्यो कुणाची उडवायची?



जयंतीनिमित्त लातूरला वस्त्यावस्त्यांच्या पोरांचे फुटबॉल सामने होते. नांदेडहून आम्हीही आमच्या वस्तीचा संघ घेऊन गेलो होतो. पहिला गोल बसला तेव्हा आमचेच प्रेक्षक ओरडले, "काय करायलास रे, झोपलास का?" दुसऱ्या गोलला शिट्ट्या आणि हुर्यो. तिसऱ्या गोलनंतर आमच्यातल्याच चारदोन पोरांनी गोलकीपरची जात काढली, त्याच्या आईचा झाडू काढला. तो शब्द इथे लिहीत नाही. ओरडणारी पोरं बौद्ध होती. गोलकीपर मातंग समाजाचा. आणि बाजूला उभे असलेले आम्ही, समाजकार्य करणारे, शिकलेसवरलेले, गप्प होतो.

परतीच्या गाडीत वाद पेटला. एक गट म्हणाला, आपल्या संघाची हुर्यो उडवायचीच नसते, हरला तरी तो आपला. दुसरा गट म्हणाला, बाबासाहेबांनी आपल्याला भक्ती शिकवली नाही, चिकित्सा शिकवली. वाईट खेळला तर बोलणारच. दोन्ही गटांना आपलंच खरं वाटत होतं. आमच्या मते दोन्ही गट अर्ध्या वाटेवर थांबले.

आधी पहिल्या गटाचं बघू. "आपला तो आपला" ही भाषा ऐकायला गोड आहे, पण ती भक्ताची भाषा आहे. १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी बजावलं की राजकारणातली भक्ती देशाला हुकूमशाहीकडे नेते. जो माणूस देशाच्या नेत्याला प्रश्न विचारा म्हणतो, त्याचे अनुयायी अकरा खेळाडूंना आणि त्यांच्या मालकांना प्रश्न विचारायला घाबरणार का? तिकिटाचे पैसे आपले, वेळ आपला, मग आवाजही आपला. २००६ च्या मार्चमध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर एका धावेवर बाद झाला आणि त्याच्याच गावच्या प्रेक्षकांतल्या काहींनी त्याची हुर्यो उडवली. देशभर गहजब झाला. आम्हाला त्यात पाप दिसत नाही. ज्याला देव म्हटलं त्याला माणूस म्हणून जोखणं हे पाप नाही.

पण म्हणून दुसरा गट बरोबर ठरतो का? नाही. चिकित्सेला पत्ता लागतो. चूक कुणाची हे शोधल्याशिवाय केलेला आरडाओरडा म्हणजे चिकित्सा नव्हे, ती झुंडीची मजा आहे.

२०२४ ची आयपीएल आठवा. मुंबई इंडियन्सच्या व्यवस्थापनाने रोहित शर्माला बाजूला करून गुजरातहून आणलेल्या हार्दिक पंड्याला कर्णधार केलं. निर्णय मालकांच्या बैठकीत झाला. १ एप्रिलला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी मुंबईच्याच प्रेक्षकांनी हार्दिकची इतकी हुर्यो उडवली की संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. १४ एप्रिलला, आपण मिरवणुकीत असताना, धोनीने हार्दिकच्या शेवटच्या षटकात सलग तीन षटकार मारले आणि मुंबई हरली. निळे झेंडे खांद्यावर घेतलेली आपली पोरंही मोबाईलवर हार्दिकला शिव्या घालत होती. मालक मात्र आपल्या जागी निवांत. पुढे २९ जूनला त्याच हार्दिकने विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक टाकून भारताला जिंकून दिलं आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा जयघोष झाला. तीन महिन्यांत कोणतं तत्त्व बदललं? कोणतंच नाही, कारण तत्त्व मुळात नव्हतंच.

आता दुसरं उदाहरण घ्या. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी स्वतःपुरती 'सुपर लीग' काढायचं जाहीर केलं. इंग्लंडमधल्या प्रेक्षकांनी आपल्याच क्लबांविरुद्ध आवाज उठवला. चेल्सीचे चाहते आपल्याच स्टेडियमबाहेर रस्त्यावर उतरले. दोन दिवसांत इंग्लंडच्या सहाही क्लबांनी माघार घेतली. ही हुर्यो आपल्याच संघाची होती, पण ती वर गेली, मालकापर्यंत. वानखेडेवरची हुर्यो खाली पडली, समोर उभ्या असलेल्या माणसावर. राग नेहमी खालच्या पायरीवर का सांडतो, हे श्रेणीबद्ध विषमता वाचलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. वरच्याचा मार खायचा आणि खालच्यावर काढायचा, हीच तर जातीची शिडी.

आणि शिडीच्या तळाशी हुर्यो खेळाची राहतच नाही, जन्माची होते. ३१ जुलै २०२१, टोकियो ऑलिंपिक. वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक केली. ऑलिंपिकमध्ये हॉकीत हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. चार दिवसांनी उपांत्य फेरीत भारत अर्जेंटिनाकडून हरला, तर हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके फोडले गेले, जातीवरून शिवीगाळ झाली. संघात दलित खेळाडू जास्त झाले म्हणून हरलो, असं म्हटलं गेलं. त्याच जुलै महिन्यात युरो चषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकलेल्या रॅशफोर्ड, सांचो आणि साका या तीन काळ्या खेळाडूंवर इंग्लंडच्याच चाहत्यांनी वंशद्वेषी शिव्यांचा पाऊस पाडला. गोरा चुकला तर तो एकटा चुकतो. काळा चुकला, दलित चुकला, की त्याचा सगळा समाज चुकलेला असतो.

हे वाचून आपलं रक्त तापतं. तापायलाच हवं. पण लातूरच्या मैदानावर आपल्या पोरांनी काय केलं? हरिद्वारमध्ये जे झालं तेच, फक्त फटाके नव्हते. १ ऑगस्टला अण्णाभाऊंच्या फोटोला हार घालायचा आणि एप्रिलमध्ये मातंग पोराच्या आईचा झाडू काढायचा, हा कुठला आंबेडकरवाद? "मैदानावर सगळं चालतं, गंमत होती," असं एक जण म्हणाला. जात काढणारा प्रत्येक जण आजवर गंमतच करत आला आहे. आमच्या नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत जून २०२३ मध्ये अक्षय भालेराव या भीमसैनिकाचा खून झाला. गावात भीमजयंती काढली याचा राग त्यामागे होता. त्या जिल्ह्यातल्या पोरांना तरी झुंडीचा आवाज ओळखता आला पाहिजे, तो स्वतःच्या गळ्यातून निघाला तरी.

मग आपल्या संघाला विरोध कसा करायचा? त्याचा धडाही आपल्याच इतिहासात आहे. चर्मकार समाजातले पाळवणकर बाळू हे हिंदू संघाचे सर्वांत मोठे गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण पुण्यात त्यांना चहा मिळायचा तो बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९२० साली, ज्या वर्षी 'मूकनायक' निघाला त्याच वर्षी, कर्णधारपदाच्या निवडीवरून बाळूंचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी आपल्याच संघातून माघार घेतली. कारण जाहीर सांगितलं. स्वतःची जागा पणाला लावली. १९२३ ला विठ्ठल त्याच संघाचे कर्णधार झाले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. त्या भूमिकेवर आपण टीका करतो, करायलाच हवी. पण त्यासाठी त्यांचे बळी आणि तो मातीचा पेला इतिहासातून पुसत नाही. भूमिकेवर टीका आणि माणसाचा अपमान यांतला फरक हाच.

म्हणून ओरडण्याआधी तीन प्रश्न विचारा. निर्णय कुणाचा होता? मी कामावर बोलतोय की जन्मावर? आणि ओरडून झाल्यावर दुरुस्तीसाठी मी काय करणार आहे?

हे प्रश्न आम्ही लातूरच्या सामन्याला लावले तेव्हा उत्तर आमच्याच अंगावर आलं. त्या पोराकडे हातमोजे नव्हते. सराव घ्यायला कुणी नव्हतं. बूट उसने होते. त्याच जयंतीत डीजेचे पैसे मात्र आम्ही रोख मोजले होते. ठरवणारी समिती आमची, सही आमची. हुर्यो उडवायचीच होती तर आमची उडवायला हवी होती. पण समितीची माणसं ओळखीची, त्यांच्यासमोर आवाज फुटत नाही. गोलजाळीत एकटा उभा असलेला सोळा वर्षांचा पोरगा सोपा सापडतो. आपल्या चळवळीत तरी वेगळं काय होतं? सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला आपण चारचौघांत झापतो आणि गट फोडणाऱ्या नेत्याला हार घालतो.

आम्ही तिघे त्या पोराच्या घरी माफी मागायला गेलो. त्याच्या आईने पाणी दिलं, बसा म्हणाली. पोरगा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, शिवी माइकजवळ दिली होती. माफी घरात कशाला मागायलात?"

त्याचं बरोबर आहे. पुढचा सामना आमच्या नांदेडच्या मैदानावर आहे. सुरू होण्याआधी माइक आमच्या हातात असेल आणि माफी जाहीर मागितली जाईल. यंदाच्या हिशोबात हातमोजे डीजेच्या वर लिहिले आहेत. तो खेळायला येईल की नाही, हे त्याने ठरवायचं आहे. आणि आम्ही हा शब्द पाळला नाही, तर पोरांनो, आमची हुर्यो उडवायला बिलकूल लाजू नका.

जयभीम.