खाशाबांची शताब्दी आणि मराठवाड्याची तालीम

१५ जानेवारी २०२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांच्या जन्मास शंभर वर्षे पूर्ण झाली. त्यांचा जन्मदिन राज्य क्रीडा दिन म्हणून पाळावा असे महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ठरविले, आणि तेव्हापासून या दिवशी शाळा-महाविद्यालयांतून त्यांच्या तसबिरीस हार पडतो, चार शब्द बोलले जातात. निर्णय योग्य आहे. तो खाशाबांच्या निधनानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी झाला, हेही नमूद करून ठेवले पाहिजे. परंतु ज्याचे स्मरण करावयाचे त्याची हकीकत नीट वाचली, तर हार घालणारा हात क्षणभर थबकावा अशीच ती आहे.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीस जाण्याची वेळ आली तेव्हा प्रश्न अंगातील बळाचा नव्हता, प्रवासखर्चाचा होता. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनी आणि ओळखीच्या मंडळींनी यथाशक्ति वर्गणी दिली. जुलै १९५२ मध्ये खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यानंतर दुसरे वैयक्तिक पदक पाहण्यासाठी देशास १९९६ पर्यंत, म्हणजे लिअँडर पेसपर्यंत, थांबावे लागले. पदक घेऊन आलेल्या या वीराची दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सर्व जण मोठ्या अभिमानाने सांगतात. त्याच वीराने पुढे कुस्त्यांचे फड लावून लोकांचे देणे फेडले, ही गोष्ट मात्र ओझरती सांगितली जाते. मिरवणूक नंतर निघाली. घर आधी गहाण पडले होते.

त्याच हेलसिंकीत आपल्याकडचेच केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले होते. त्यांचे नाव आज किती जणांस आठवते? तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकांमध्ये अंतर ते किती! पण आमची स्मृती पदकाच्या धातूवर चालते.

खाशाबा १९५५ साली पोलीस दलात फौजदार म्हणून दाखल झाले, पुष्कळ वर्षे बढतीवाचून राहिले आणि साहाय्यक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी, २०१० साली, कुस्तीच्या क्रीडागारास त्यांचे नाव देण्यात आले. गोळेश्वर येथे त्यांच्या नावाने कुस्तीचे प्रशिक्षण केंद्र उभारण्याचे आश्वासन २००९ सालचे. ते वर्षानुवर्षे कागदावरच राहिले, तेव्हा २०१७ मध्ये त्यांच्या कुटुंबीयांनी ऑलिंपिक पदक लिलावात काढून त्या पैशांतून हे केंद्र बांधण्याची भाषा केली. हा स्मरणाचा कोणता प्रकार म्हणावयाचा? नाव द्यावयास पैसा लागत नाही. आखाड्यास लागतो, आणि घोडे अडते ते तेथेच.

खेळाडूच्या वारशाविषयी बोलताना आमच्या समाजाची एक मोठी गफलत होते, ती येथेच दाखविली पाहिजे. आम्ही वारसा म्हणजे नाव समजतो. वस्तुतः खेळाडूचा वारसा म्हणजे ती जागा, जेथे तो घडला, आणि तो वस्ताद, ज्याने त्याला घडविले. पळवणकर बाळूंचे उदाहरण घ्या. चर्मकार समाजात जन्मलेला हा मुलगा पुण्यातील गोऱ्यांच्या जिमखान्यावर महिना चार रुपये पगारावर मैदान राखीत असे. सरावाच्या जाळ्यात साहेबांना तासन् तास गोलंदाजी टाकण्याचे काम त्याच्याकडे आले, म्हणून त्याचा हात तयार झाला. बॅट मात्र कोणी त्याच्या हाती दिली नाही. पुढे त्याच्या गोलंदाजीवर हिंदूंचा संघ सामने जिंकू लागला, तरी चहा त्याला मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याच्या वाट्यास आले. बाळूंचे नाव आज आदराने घेतले जाते, आणि ते घेतलेच पाहिजे. परंतु जाळ्याच्या आत कोणास येऊ दिले आणि कोणास बाहेर ठेवले, याचा हिशेब त्या नावाशी जोडलेला आहे. तो वगळून केलेली स्तुती स्वस्त ठरते.

आता आपल्या प्रांताकडे वळू. कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय होता. त्यांनी खासबागेत कुस्तीचे भव्य मैदान बांधविले, तालमी पोसल्या, पंजाबकडचे मल्ल पदरी ठेवले. एका राजाने घातलेल्या त्या पायावर आज शंभर वर्षांनंतरही पोरे दंड-बैठका काढीत आहेत. मराठवाड्याच्या वाट्यास निजामी राजवट आली. आर्य समाजाने गावोगाव व्यायामशाळा काढल्या, त्यांकडे हैदराबादचे सरकार संशयाने पाही. आणि त्याच्या दृष्टीने तो संशय निराधारही नव्हता, कारण त्या व्यायामशाळांतून निघालेले तरुण पुढे मुक्तिसंग्रामात उतरले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर या व्यायामशाळांना खेळाचे वळण देण्याची संधी आली होती. ती आपण कितपत साधली?

लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार हे या प्रश्नाचे उत्तर आहेत, आणि ते उत्तर दुहेरी आहे. १९६९ साली महाराष्ट्र केसरीचे अधिवेशन लातुरास भरले आणि ती गदा लातूरच्याच या मल्लाने जिंकली. दुसऱ्या वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पुढे रुस्तुम-ए-हिंद झाले. १९७७ साली बेळगावात त्यांनी दिल्लीच्या सतपालास अस्मान दाखविले, त्या कुस्तीच्या कथा कुस्तीशौकीन आजही रंगवून सांगतात. एवढे सारे मराठवाड्याच्या मातीचे. पण हा मल्ल घडला कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत, आणि वस्ताद म्हणून त्यांनी शिष्य घडविले ते पुण्यात. १४ सप्टेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले, तेही पुण्यातच. पोर आपले, तालीम दुसऱ्याची, असा हा व्यवहार झाला. बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेचा मार्गही याहून फार वेगळा नाही. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या धावपटूंमध्ये घुसून अडथळ्यांच्या शर्यतीचे रौप्यपदक आणणाऱ्या या तरुणाचे धावणे खऱ्या अर्थाने सुरू झाले ते सैन्यात भरती झाल्यावर. याला अपवाद आहे, आणि तो बोलका आहे. धाराशिवची सारिका काळे हिला खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. ती आपल्याच गावाच्या मैदानावर वाढली, कारण तेथे मैदान होते आणि त्यावर रोज उभा राहणारा शिक्षक होता. दोन खांब आणि आखलेली जमीन, याहून अधिक सामग्री त्या खेळास लागत नाही.

धर्माबादच्या वाचकास आणखी एक नाव सांगितले पाहिजे. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील हे गाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्याच महिन्यात मेलबर्नचे ऑलिंपिक सुरू झाले आणि भारताचा फुटबॉल संघ तेथे चौथा आला. त्या संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे, व्यवसायाने शाळामास्तर. १९५१ आणि १९६२ अशी दोन आशियाई सुवर्णपदके भारताने त्यांच्या हाताखाली जिंकली. जाकार्तामधील दुसऱ्या विजयाच्या वेळी ते कर्करोगाने ग्रासलेले होते, आणि जून १९६३ मध्ये वारले. त्यानंतर साठ वर्षांहून अधिक काळ लोटला; आशियाई फुटबॉलचे सुवर्ण भारताकडे परत आलेले नाही. त्यांच्यावर २०२४ साली हिंदी चित्रपट निघाला, तो लोकांनी पाहिला, डोळे पुसले. रहीमसाहेबांच्या शिकविण्याची पद्धत पुढे चालविणारी पाठशाळा मात्र देशाने उभी केली नाही.

शासन काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२४ साली पॅरिसमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळविणारा कोल्हापूर जिल्ह्याचा स्वप्निल कुसाळे हा शासनाच्याच क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला. महाराष्ट्रास खाशाबांनंतर ७२ वर्षांनी मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मुलगा लहानपणी निवडला, राहण्या-जेवण्याची सोय केली, शिक्षक दिला, आणि वर्षानुवर्षे वाट पाहिली, तर काय होते ते यावरून दिसते. त्याच वर्षी पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये भारताचा ध्वज ज्या दोन खेळाडूंच्या हाती होता, त्यांत आपल्या नांदेड जिल्ह्याची भाग्यश्री जाधव होती. त्या क्षणी जिल्ह्याची मान उंचावली. तिच्यामागून येणाऱ्या मुलीस गोळाफेकीचे वर्तुळ कोठे सापडेल, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

प्रस्तुत लेखकाने बरीच वर्षे शाळेत शिकविले आहे. वेळापत्रकात खेळाचा तास असतो, आणि सहामाही परीक्षा जवळ आली की तो तास गणितास जातो, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. पालकांनाही ते रुचते. किंबहुना शिकलेल्या मध्यमवर्गानेच हा तास सर्वांत आधी सोडून दिला आहे. आपला मुलगा डॉक्टर व्हावा असे वाटण्यात गैर नाही. पण मग खाशाबांच्या तसबिरीस हार घालताना दुसऱ्याच्या मुलाने मल्ल व्हावे अशी आपली अपेक्षा असते, हे तरी मान्य करावे. राज्य क्रीडा दिनाचे भाषण देणाऱ्या पाहुण्यास एकच प्रश्न विचारण्याची प्रथा पाडली तर बरे होईल: या शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे काय, आणि मैदानाचे फाटक संध्याकाळी उघडे असते काय? नगरपालिकेच्या उमेदवारासही हाच प्रश्न विचारता येईल.

दुसरे काम याहून निकडीचे आहे, कारण त्यास काळाची मर्यादा आहे. माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांचा फड गाजविलेले, जत्राजत्रांतून नारळ आणि फेटे जिंकलेले वृद्ध मल्ल या भागातील खेड्यापाड्यांत अजून आहेत. जुन्या कबड्डी संघांतील, खो-खोतील मंडळी आहेत. कोणी कोणास कोठे चीत केले, वस्ताद कोण होते, खुराक कोठून मिळे, खेळ का सुटला, हे सारे त्यांच्या तोंडी आहे आणि कोठेही लिहिलेले नाही. एखाद्या शाळेने वार्षिक परीक्षा आटोपल्यावर आठवी-नववीची चार मुले शिक्षकासोबत गावोगाव धाडून ते उतरवून घ्यावे. एक जाड वही लागेल, आणि संध्याकाळचे दोन तास.